बाकावरची सुकेळी

मालन शमुवेल रणभिसे, वय २२ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा तात्पुरती शिक्षिका, राहणार आचोळे, नालासोपारा पूर्व, ता. वसई, जि. ठाणे. दि. १४ डिसेंबर १९८१.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर असून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी आई-वडिलांसह राहते. आम्ही मूळचे नगरकडचे, प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. गास येथील खासगी शाळेत मी जूनपासून शिकवते. घरात पगार माझा एकटीचा आहे.

आज अकराच्या सुमारास मी एस.टी. स्टँडवर गासच्या बसची वाट पाहत होते. बाकावर लाल लुगडे नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई टोपली घेऊन बसल्या होत्या. आम्ही त्यांचे गुडघे, जावई आणि वांग्यांचा भाव यांवर बोललो. त्यांनी वाळवलेल्या केळ्यांची, म्हणजे सुकेळ्यांची, पुडी मला दिली. येशूने परजातीच्या बाईकडे विहिरीवर पाणी मागितले ती गोष्ट सांगू का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "सांग, बस कुठं येतेय." मी सांगितली.

तेवढ्यात दिवाकर महाडिक आले. ते स्टँडसमोरच्या नव्या इमारतीत राहतात व आमच्या शाळेच्या कमिटीवर आहेत. "तू आमच्या शाळेतली ना? आडनाव काय?" मी सांगितले. "तरीच!" असे म्हणून ते ओरडले, "आजी, उठा, ही खाऊ देऊन बाटवतेय तुम्हाला!" आणि पुडी माझ्या हातातून ओढली. खाऊ देणारीच्याच हातात खाऊ कसा राहिला, हे त्यांना सुचले नाही. आमची एक खोली आहे. केळी वाळवायला वाडी नाही.

मग त्यांनी आम्हा दोघींना येथे आणले व पुडी पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. तक्रारीत त्यांनी 'एक हिंदू वृद्धा' असे लिहून दिले आहे. नाव विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. ते येथे हवालदारांनी विचारले. बाई म्हणाल्या, "इनेझ बॅप्टिस्ट डाबरे, गास. आणि लिव रे, आम्ही पोर्तुगिजांच्या वेळचे किरिस्ताव, मला बाटवायला हिला चारशे वर्षं उशीर झाला."

महाडिक म्हणाले, "मग लुगडं का नेसता?"

"मग काय पाटलोन घालू?"

सगळे हसले. लुगडे पाहून मलाही त्या हिंदू वाटल्या होत्या. हेही लिहून घ्यावे.

नंतर इनेझबाईंनी मला विचारले, "तू कुणाची गो? आडनाव काय?" मी सांगितले. "रणभिसे? हां. ते मागाहून किरिस्ताव झालेले." त्यांनी टेबलावरची पुडी उचलून टोपलीत ठेवली व त्या येथील बाकावर माझ्यापासून दूर, पलीकडच्या टोकाला सरकल्या.

महाडिक आता म्हणतात, "पोरगी आहे, जाऊ दे. अनोळखी माणसाशी धर्म बोलणार नाही असं लिहून दे, नोकरी राहील." मी लिहून देणार नाही.

सुकेळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. पाणी मागण्याआधी येशूने तो विचारला नव्हता. मीही विचारत नाही. नोकरी राहो वा जावो, उद्या अकराला मी त्याच बाकावर बसेन आणि शेजारी जागा ठेवीन.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे, म्हणून खाली सही करते.

मालन शमुवेल रणभिसे