मागच्या अंगणातले बुजवलेले खड्डे

जबाब देणार : नाव वर नोंदल्याप्रमाणे, वय ४८ वर्षे, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार वडिलांच्या घरी.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, घरामागे लाकडी डेक, म्हणजे खांबांवरचा उघडा फळ्यांचा ओटा, बांधण्यासाठी मी नगरपालिकेची परवानगी काढली आहे. डेक असला की घराला चांगले गिऱ्हाईक मिळते, असे दलालाचे म्हणणे पडले. डेकवरून आपले स्वयंपाकघर दिसेल, अशी हरकत शेजारच्या शिंप्याने घेतली होती. ती फेटाळली गेली. तेव्हापासून तो माझ्याशी गोड बोलतो. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

खांबांचे खड्डे उघडे असताना नगरपालिकेच्या निरीक्षकाने त्यांची खोली मोजायची आणि मगच काँक्रीट ओतायचे, असा नियम आहे. तपासणीच्या सकाळी खड्डे बुजवलेले आढळले. सुताराने पुन्हा खणले, आज पुन्हा तेच. निरीक्षक म्हणाले, "आता पुढच्या खेपेला उघडे दिसले नाहीत तर परवानगी रद्द. मला काय एवढंच काम आहे?"

माती नुसती लोटलेली नाही, पाणी मारून नीट तुडवली आहे. तीत अनवाणी पायांचे ठसे आहेत. डावा स्वच्छ, उजवा ओढलेला. शिंपी सत्तरीचा असला तरी ताठ चालतो. परंतु पडल्यापासून माझे वडील उजवा पाय ओढत चालतात, हे त्याला माहीत आहे. घरच्यांवर आळ यावा म्हणून तो मुद्दाम तसा चालला असावा. माणूस आतल्या गाठीचा आहे. मागच्या फाटकाला आतून कडी होती, म्हणजे तो भिंत चढून आला असणार.

वडिलांना डेक हवा आहे का, असे हवालदारांनी विचारले. त्यांना आम्ही विचारलेले नाही. घर विकण्याचेही सहीच्या वेळी सांगणार होतो. दलाल खोल्या बघून गेला त्या दिवशी ते मला एवढेच म्हणाले, "त्यांना चहा तरी द्यायचास. घर बघून दमले असतील."

जबाब मला वाचून दाखवला. ठशांचा मजकूर मी पुन्हा वाचायला सांगितला. तो ऐकताना मला लाज वाटली. शिंप्याविरुद्ध माझी तक्रार नाही. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे. वडील माझ्यासोबत आले असून बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना काही विचारू नये. मला त्यांना घरी न्यायचे आहे.