तापलेली सळी

…नाय, मी उभाच बरा. बसा बसा करू नका, मला कमरेत वाकता येत नाय. ते का, ते सांगतो मागनं. आधी मला एवढं सांगा, रडणारं पोर एक, महिन्याचं, आणि त्याच्यावर बोलणारी तोंडं सगळ्या गावाची, हा कुठला न्याय हाय? आमची हिरी हो! दुपारी गुरं सावलीला बसली की हिचा सूर लागायचा तो गुरं घरी येईस्तोवर. पाय पोटाशी घ्यायची, मुठी वळायची, तोंड लालभडक, आणि पोट असं तटतटलेलं की टिचकी मारली तर वाजावं. आणि जो येईल तो दारातनंच, आत न बघता, सांगून मोकळा : वारा धरलाय, दुसरं काय नाय!

अहो, वारा धरलाय ते मलाबी कळतंय… सोडायचा कसा ते बोला की!

शेजारची कमळाबाई हिंग घेऊन आली, पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला. झालं, पोरगी रडतेय आणि घरभर फोडणीचा वास. मंग ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून पोटाला लावली. मंग वेखंड उगाळलं. मंग विड्याच्या पानाला एरंडेल चोपडून ते ऊन करून वर ठेवलं, म्हणजे माझ्या लेकीच्या पोटावर चुलीतलं आणि पानपुड्यातलं काय चढायचं ऱ्हायलं असंल तर कात आणि चुना! आणि सगळ्यांचा राग कुणावर? माझ्या बायकोवर, चंदावर. तूच वाल खाल्लेस. अहो, कुठले वाल? त्या बिचारीनं पेज आणि लसूण याच्यापलीकडं महिनाभर काय बघितलं नाय, नुसते डोळे ऱ्हायलेत तोंडावर. तरी माझी आय म्हणते, मंग वालाच्या शेतावरनं चालत गेली असंल.

त्यात तो गणू. माझ्या खळ्यावर मळणीला येतो, माणूस चांगला, पण त्याला जगात बैलापलीकडं काय ठावं नाय. म्हणतो, महिपत, गोऱ्ह्याचं पोट फुगलं की आमी बांबूच्या नळ्यानं घशात तेल ओततो, हिच्यापुरता बारीक नळा करू काय? तुमाला सांगतो, मी नाय म्हणेस्तोवर हा कोयता घेऊन बांबू बघायला गेलासुद्धा!

मुरबाडच्या दवाखान्यात नेतो म्हटलं, तर आय दारात आडवी. महिन्याच्या पोराला बैलगाडीत घालून एवढ्या लांब? वाटेतलं टोकावडं सोडशील तोवर लेकरू हातचं जाईल. आणि कशाला? वारा धरलाय, दुसरं काय नाय!

आता हसू नका. इथं जरा हसू नका.

कारण हेच शब्द मी आधी ऐकलेत. हिरीच्या आधी आमाला मुलगा झाला होता. असंच पोट, असंच रडणं. मी तेव्हा सिद्धगडाच्या पायथ्याशी सरकारी जंगलाच्या कुपात होतो, लाकूडतोडीला. इकडं आयनं बाईजाला बोलावलं. बाईजा तुमाला ठावी हाय, वरच्या आळीची, पोरांना डाग देते. लोखंडाची सळी लालभडक करायची आणि बेंबीच्या बाजूला टेकवायची, की म्हणे वारा भिऊन पळतो. पळाला असंल. उन्हाळ्याचे दिवस, घामानं डाग चिघळले, पोराला ताप भरला. मी जंगलातनं आलो तेव्हा पोराची झोळी सोडून, घडी घालून ठेवली होती. त्या झोळीच्या घडीकडं बघून मला कळलं, कोणाला सांगावं लागलं नाय.

आणि आय काय म्हणाली? डाग उशिरा दिला म्हणून गेलं. आता बोला! डाग दिला म्हणून गेलं, असं नाय… उशिरा दिला म्हणून! म्हणजे पुढच्या वेळी लवकर द्यायचा. आयचं मन वाईट नाय हो. तिच्या स्वतःच्या पोटावर डाग हायत, तिच्या आयनं दिलेले, आणि ती जगली. जगलेलं माणूस पुरावा म्हणून समोर उभं असतं. जे जातं ते काय साक्ष द्यायला येतं?

तर त्या दिवशी हिरी सकाळपासनंच सुरू. मी खळ्यावरनं पाणी प्यायला घरी आलो, बघतो तर ओटीवर बाईजा! शेगडीत कोळसे फुललेत, सळी आत खुपसलेली, आणि बाई मिश्री लावत, नाकातनं, सावकाश : "येळ लागंल रं अजून जरा, लोखान जुनं हाय." जशी काय भाकरी भाजतेय! आय हिरीचं अंगडं सोडतेय. चंदा मेढीला टेकून बसलेली. ती रडली नाय, ओरडली नाय. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "ती जायचीच असंल तर तुमच्या हातात जाऊ दे. लोखंडाखाली नको."

काय करू मी? आयला ढकलू? आयच ती. मी म्हटलं, आय, डागाआधी पोरीला देवाच्या पाया पाडून आणतो. देवाचं नाव काढल्यावर आय नाय कशी म्हणंल? पोरगी घेतली, आणि देव ऱ्हायला बाजूला, मी मागल्या दारानं थेट खळ्यात!

खळ्यात मळणी चालू. मधे खांब, त्याला बांधलेली बैलांची पात, भाताचे भारे पसरलेले, आणि गणू मागनं हाकतोय. मी हिरीला पालथी घातली हातावर, अशी, डोकं कोपराशी, पोट मनगटावर, पाय दोन्हीकडनं लोंबतायत, आणि लागलो बैलांच्या मागं फिरायला. कारण आमच्यात मळणीची फेरी मधेच मोडत नाय. मोडली तर रास रुसते, वर्षभर कणगीत उंदीर नाचतात. हे मला कोणी शिकवलं? आयनंच! मागनं आय आणि बाईजा आल्या धावत, त्यांच्यामागं चंदाबी, पण खळ्याच्या कडेला थांबल्या. आय कडेनं हाका मारतेय, अरे महिपत, सळी तापली, आण तिला! मी म्हणतोय, आय, फेरी कशी मोडू, रास रुसंल! स्वतःचीच शिकवण, गिळायची कशी?

मी फिरतोय… हिरी रडतेय, मी फिरतोय, पायाखाली पेंढा, नाकात धूळ, हातावर ते एवढंसं पोट दगडासारखं. मनात एकच, हिचा आवाज थांबला तर कशानं थांबंल? मी घाबरलो होतो, तुमाला खोटं कशाला सांगू. झोळीची घडी डोळ्यांसमोरनं हलत नव्हती. तेवढ्यात पुढचा बैल, चांद्या, त्यानं शेपूट उचललं आणि सोडला एक, खळं दणाणलं. आणि काय सांगू… त्याच्या मागोमाग माझ्या हातावर बारीक, फाटक्या कापडासारखा आवाज. मंग दुसरा. मंग लांबलचक तिसरा! आणि माझा हात कोपरापर्यंत ऊन ऊन पिवळा. पोट मऊ पडलं, मुठी सुटल्या, आणि पोरगी झोपली.

गणू म्हणाला, बघ, बैलानं शिकवलं. मी चालत ऱ्हायलो, कारण थांबलो असतो तर सगळ्यांसमोर रडलो असतो. आय तिथंच पेंढ्यात खाली बसली, पदर तोंडाला लावून.

संपलं असं वाटतंय ना तुमाला? मलाबी वाटलं.

बाईजा तशीच उभी. पायाशी उचलून आणलेली शेगडी, हातात फडकं, फडक्यात सळी, टोक लाल. म्हणते, "बघितलास? नुसतं लोखान तापलं तर वारा पळाला." बरं बाई, तुझं यश! "पन तापलेली सळी रिकामी थंड करत नाय रं. रिकामी थंड झाली तर घरातलं येक मानूस घेऊन जाते."

झालं! आयनं पदर काढला आणि बघितलं कुठं? हिरीकडं. रास रुसते हे खरं, आणि सळी रुसते हे खोटं, असं कसं? ज्या दोरीनं मी आयला बांधली तीच माझ्या गळ्यात. मी पोरगी चंदाच्या हातात दिली आणि बंडी वर केली.

बाईजा म्हणते, तुझं पोट मोठं, एकानं काय होनार… तीन!

तर आता कळलं, मी का वाकत नाय? आणि तुमी म्हणाल, सुटला बिचारा. कुठला सुटतोय! दुसऱ्या दिवशी दुपारी हिरीचा सूर परत चालू. पोराचा वारा तो, रोज येणार, रोज जाणार. मी घेतली हातावर पालथी, चार फेऱ्या मारल्या, झोपली. पण आय म्हणते, तुला डाग दिल्यापासनं पोरीला कसा उतार पडलाय बघ! झालं, तेव्हापासनं पोरगी रडली की घरात तिच्या पोटाकडं कोणी बघत नाय, सगळी माझ्या पोटाकडं बघतात. परवा दोन दिले. चंदा नाय म्हणत होती, मीच म्हटलं, गप ऱ्हा, माझ्यावर घेतायत तोवर तिच्यावर नाय.

…ती ऐका. लागली रडायला. आणि तो बघा, ओटीवर शेगडीचा धूरबी निघाला. निघतो मी, तुमी काय काळजी करू नका. पोट भरपूर मोकळं हाय. भात सगळं सरकार लेव्हीत नेतंय, लढाईच्या दिवसांत ह्या पोटात दुसरं काय पडतंय? सळी तर सळी!