एमरीनं नेमका रस्ता नीट केला

नाही, पण मला सांगा, पाहुणी येणार म्हणून माणूस घर झाडतो, फार तर अंगण झाडतो, अख्खा सात मैलांचा घाट कोणी झाडतं का? असं कोणी करतं का हो? आमच्या एमरीनं केलं! एमरी पाइक म्हणजे आमच्या गावचा रस्त्यांचा मुकादम, दर मार्चच्या गावसभेत हात वर करून आम्हीच निवडून देतो त्याला, चाळीस वर्षं झाली, आणि गडी असा मानी की... थांबा, आधी कायद्याचं सांगते, नाहीतर म्हणाल ही आर्लीन शाळेची बस चालवते आणि बोलताना एक थांबा घेत नाही!

तर आमच्या व्हरमाँट राज्यात विधानसभेनं कायदा केला. गावोगावची शाळामंडळं मोडायची आणि सगळ्यांचं मिळून एक मोठं मंडळ करायचं. म्हणजे आमची हॉलोबरीची शाळा, एकेचाळीस पोरं, तीन बाई आणि एक गळका नळ, ती बंद! आणि पोरं जाणार कुठे? घाटापलीकडे वेस्ट डेंटनला. वेस्ट डेंटनला!! ज्यांच्या बास्केटबॉलपासून बटाट्याच्या सॅलडपर्यंत सगळ्याला आम्ही साठ वर्षं नावं ठेवतोय! आणि माझी नात टेसा, सहा वर्षांची, तिला दोन मैलांत बस लागते, ती रोज हा घाट चढणार?

पण कायद्यात एक फट होती. बसचा प्रवास तासाच्या वर गेला तर गावाला सूट. राजधानीतल्या नकाशावर प्रवास अडतीस मिनिटांचा! अहो, नकाशाला चिखल लागतो का? एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की आमच्या मातीच्या रस्त्यांत चाकं निम्मी आत जातात. आम्ही अर्ज केला, एप्रिलमध्ये या, बसमध्ये बसा, घड्याळ लावा. ते म्हणाले, आमच्या एक बाई येतील. झालं, सगळं गाव खूश!

आणि एमरी? तीन दिवस, तुम्हाला सांगते, तीन दिवस खडी टाकत होता, रोलर फिरवत होता! म्हटलं, "एमरी, मेल्या, काय चाललंय हे?" तर टोपी काढून, डोकं खाजवत, "आर्लीन... त्या बाईनं राजधानीत जाऊन सांगायचं का, की हॉलोबरीचा रस्ता असला म्हणून?" "अरे, तेवढंच सांगायला बोलावलंय तिला!" "ते बरोबर आहे गं... पण माझ्या रस्त्यावर नको." असं कोणी करतं का?

आल्या राजधानीच्या प्रॅटबाई. पांढरे बूट, गळ्यात घड्याळ, माझ्या मागच्याच सीटवर. जरा हळू घेतली की लगेच मला, "मिसेस लॅबाउंटी, वेग का कमी केलात?" आणि पोरं! एरवी एकाचा बूट नाही, एकाचं दप्तर नाही, आई झग्यात धावत येते... त्या दिवशी आयांनी पोरांचे भांग पाडून पाच मिनिटं आधीच रांगेत उभी केलेली! पाहुणी आहे ना! असं कोणी करतं का? सव्वीस मिनिटांत घाटमाथा. प्रॅटबाई म्हणतात, "किती सुरेख रस्ता आहे हो तुमचा!" मला रडू फुटायचं बाकी होतं, आणि मागे टेसा, जिला दोन मैलांत बस लागते ती टेसा, चक्क गाणी म्हणत होती!

मग आली वेस्ट डेंटनची हद्द. तिथून पुढचा रस्ता त्यांच्या मुकादमाचा, ल्युसियनचा. बस दहा हात गेली असेल नसेल... फस्सस्स! बसली! प्रॅटबाई बघायला उतरल्या, पाय वर आला, बूट खालीच राहिला. पाऊण तास झाला, तास झाला, दीड तास झाला, पोरांनी माझा डबासुद्धा संपवला, तेव्हा कुठे ल्युसियन ट्रॅक्टरवरून डुलत डुलत आला.

बाई कडाडल्या, "आम्ही येणार हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की," ल्युसियन म्हणाला. "म्हणून तर यंदा फावडंसुद्धा लावलं नाही. बाई, आमचेच दोन वर्ग जेवणाच्या खोलीत भरतात, ह्यांची पोरं कुठे बसवू? ट्रॅक्टरवर?"

साठ वर्षं आम्हाला वाटत होतं, हे आमची शाळा गिळायला टपलेत!

दोन तास एकोणीस मिनिटं. बाईंनी एका बुटावर उभं राहून लिहिलं. शुक्रवारी सुटीचं नाही हं, सुटकेचं पत्र आलं, शाळा राहिली! मी बसच्या पायरीवर बसून इतकी रडले, इतकी हसले, छातीवरचा धोंडाच उतरला हो!

आणि आता गावसभेनं ठराव केलाय. वेस्ट डेंटनकरांचे जाहीर आभार. एकमतानं! मीसुद्धा हात वर केला, काय करता, शाळा आहे... पण तुम्हीच सांगा, आता ह्यापुढे आम्ही नावं ठेवायची तरी कोणाला?