मशीननं सोडलेला कोपरा

माह्यासमोर त्या खताच्या मशीनची तारीफ करू नका, आधीच सांगून ठेवतो.

मागच्या पावसाळ्यात एक साहेब ते मशीन घेऊन वडनेरले माह्या वावरात आला. आधी ड्रोननं वरून फोटो काढले होते. पीक पिवळं दिसलं तिथं मशीन जास्त खत टाकते, हिरवं दिसलं तिथं हात आखडते. नाल्याजवळच्या कोपऱ्यात तर त्यानं एक दाणा टाकला नाई.

मी भडकलो. "काऊन जी साहेब, तो कोपरा का मी चोरून आणला?"

"काका, फोटोत तोच सगळ्यात हिरवागार आहे. तिथं खताची गरजच नाही."

मंग काय, मी मिशीवर हात फिरवला. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसलेल्या माह्या बुढीले, म्हंजे बायकोले, ओरडून सांगतलं, "पाह्य, याले म्हणते शेती!"

बुढी उठली अन् कोपरा पाहून आली. त्या कोपऱ्याचं निंदण झालं, असं मीच तिले आठ दिवसांआधी सांगतलं होतं.

तिनं इळा माह्या हातात देला अन् म्हणे, "साहेब, तुमचं मशीन बराबर आहे. तिथं कपाशी नाई, कंबरभर गवत आहे. खत राहू द्या, ह्या मानसाले टाका तिथं."