पाठीकडून कापलेले चार मिलिमीटर

मी, खाली सही करणारी, वय ६३ वर्षे, धंदा पुस्तकबांधणी, राहणार बांधणीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी जन्मापासून राहत असून वडिलांच्या मागे एकतीस वर्षे दुकान मी चालवते. माझे लग्न झालेले नाही. माझ्या बहिणीचे दोन मुलगे, थोरला वय ३८ व धाकटा वय ३५, माझ्याकडे वाढले. थोरला लिफ्ट दुरुस्तीची कामे करतो, धाकटा माझ्याबरोबर दुकानात असतो. माझे अक्षर पाहून अंमलदारांनी जबाब मलाच लिहायला दिला आहे. पहिल्यापासून लिहा, असे त्यांनी सांगितले, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

बहीण आजारी पडून मुलांसह माझ्याकडे आली तेव्हा थोरला अकरा वर्षांचा होता, धाकटा आठ. मुलांना तिने व्हिडिओ गेम घेऊन दिला होता आणि त्याच्याबरोबरचे गाइड. गाइड म्हणजे तो खेळ कसा जिंकायचा याचे पुस्तक. कुठल्या वळणाला काय आहे, कुठला राक्षस कशाने मरतो, हे नकाशांसह छापलेले असते. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा खेळायची परवानगी होती. खेळणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि ते पुस्तक आपणहून उघडे राहत नसे, म्हणून धाकटा त्यावर गुडघे टेकून बसे आणि वाचून सांगे, "आता डावीकडे. आता थांब. दादा, थांब म्हटलं ना." बहीण पलंगावरून विचारी, "आज कुठवर पोचलात?" मग अठ्ठ्याऐंशी आणि एकोणनव्वद पानांवर पसरलेला मोठा नकाशा तिच्यापुढे धरायचा. ती लाल पेन्सिलीने तेवढा रस्ता रंगवी. असे आठ महिने चालले. तिची शेवटची रेघ दोन पानांच्या मधल्या खाचेत गेली होती. तिथवर पेन्सिल पोचावी म्हणून मी दोन्ही हातांनी पुस्तक दाबून धरले होते, हे मला आठवते.

त्या पुस्तकांच्या बांधणीबद्दल अंमलदारांनी विचारले, म्हणून लिहिते. ही गाइडे जड गुळगुळीत कागदावर छापतात आणि सुटी पाने एका बाजूला गरम गोंदाने चिकटवतात. शिलाई नसते. वीस वर्षांत गोंद वाळतो आणि उघडल्याबरोबर बिस्किटासारखा मोडतो. संग्राहकांसाठी जाड पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या आवृत्त्या काढतात, त्यांतही पुष्कळदा आत तोच गोंद. वरून कीर्तन, आतून तमाशा. थोरल्याकडे अशी दोनशेवर गाइडे आहेत आणि ती तो कुणाला हात लावू देत नाही. मोडलेली मात्र तो माझ्याकडे आणतो. शिवणकाम मी मिशनच्या शाळेत सिस्टरांकडून शिकले. टाका ओढून तुटला तर पूर्ण ओळ उसवायला लावत, अशा त्या होत्या. मी शिवलेले पुस्तक परत आलेले नाही.

थोरल्याच्या स्वभावाबद्दल सांगते. तो तेरा वर्षांचा असताना धाकट्याच्या हातून गाइडचे एक पान फाटले. थोरल्याने त्याची करंगळी मागे वाकवून मोडली. मी डॉक्टरांना सांगितले की बोट दारात सापडले. धाकट्याने माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. तेव्हापासून आमच्या घरात दारे फार लागत असत. थोरल्याचे लग्न झाल्यावर त्याच्या बायकोचा जबडा मोडला. ती माझ्याकडे आली होती. बोलता येत नव्हते, तिने पाटीवर लिहिले, "मावशी, तुम्ही सांगाल का?" मी तिला म्हटले, "त्याला राग लवकर येतो आणि लवकर जातो गं." तिने पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. त्याला तीन वर्षे झाली.

गेल्या महिन्यात थोरल्याने चार गाइडे बांधायला आणली. त्यात बहिणीने घेऊन दिलेले ते जुनेही होते. "मावशी, हे मी मेल्यावरसुद्धा टिकलं पाहिजे," तो म्हणाला. योग्य पद्धत अशी की गोंद शेकून मऊ करायचा, एकेक पान हाताने सोडवायचे, कड खरवडायची, मग पातळ कागदाच्या पट्टीने दोन-दोन पाने जोडून त्यांच्या घड्या शिवायच्या. एका पुस्तकाला आठ-नऊ दिवस लागतात. माझे अंगठे हल्ली दुखतात. मी चारही पुस्तके एकावर एक ठेवून कटिंग मशीनखाली घातली आणि पाठीकडचा गोंद चार मिलिमीटर कापून काढला. कापण्याआधी प्रत्येक खाच उघडून बघायची, हा वडिलांचा नियम आहे आणि नव्या माणसाला मी तो पहिल्या दिवशी सांगते. मी बघितले नाही. पुढची जोडणी व शिलाई मी केली, पुठ्ठे धाकट्याने चढवले. पुठ्ठा चढवताना त्याला नकाशा दिसला. तो म्हणाला, "मावशी, तू आईची रेघ कापलीस." मी कात्रणाचे पोते शोधले. ते त्याच सकाळी रद्दीवाल्याने नेले होते. धाकटा म्हणाला, "राहू दे. तू काही बोलू नकोस. दादाचं मी बघतो."

या मंगळवारी सकाळी सुमारे अकरा वाजून वीस मिनिटांनी थोरला दुकानात आला. दुकानात आम्ही तिघेच होतो. मी शेगडीपाशी खळ ढवळत होते, धाकटा टेबलाशी उभा होता. टेबलावर चारही गाइडे, दोरा, आरी आणि पाठ ठोकायची हातोडी होती. थोरला खुशीत होता.

"काय छोट्या, अजून मावशीचा पदर सुटत नाही?"

"तुझी बूट घालून आत यायची सवय सुटत नाही, तसंच."

थोरला हसला. त्याने जुने गाइड उघडून टेबलावर ठेवले आणि हात काढून घेतला. पुस्तक सपाट उघडे राहिले. "बसलं बघ," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आपणहून बसलं. छोट्या, तुझे गुडघे सुटले." मग त्याने पाने उलटली आणि नकाशाशी थांबला. डावीकडचा रस्ता उजवीकडच्या रस्त्याला लागत नव्हता. नदी मध्येच संपत होती. त्याने त्या जागेवरून बोट फिरवले, दोनदा.

"हे कुणी कापलं?"

धाकटा म्हणाला, "मी."

"तू?"

"घाई झाली रे. लक्षात नाही आलं."

"कात्रण कुठाय?"

"गेलं."

एवढे बोलणे झाले. मी कापले, हे सांगायला दोन शब्द लागतात. माझ्या हातात खळीचा चमचा होता आणि तोंड रिकामे होते. मी बोलले नाही. मी घाबरले होते का, असे अंमलदारांनी विचारले. थोरल्याने माझ्यावर कधी हात उगारलेला नाही.

थोरल्याने हातोडी उचलली. पहिला घाव धाकट्याच्या डाव्या मनगटावर बसला, ते टेबलावर टेकलेले होते. धाकटा ओरडला नाही, त्याने हात छातीशी घेतला आणि म्हणाला, "झालं, दादा. झालं ना." दुसरा घाव डाव्या कानामागे बसला. तो आवाज मी लिहीत नाही. धाकटा टेबलाच्या कडेवर तोंडाने आपटून खाली पडला. त्याचा एक दात नंतर मला खळीच्या भांड्याजवळ मिळाला, तो कागदात गुंडाळून आणला आहे. खाली पडल्यावर थोरल्याने त्याला बुटाने बरगड्यांत मारले. पाच वेळा मोजले, त्यानंतर मोजता आले नाही. धाकट्याच्या कानातून रक्त आले.  मारताना थोरल्याचे तोंड लिफ्टचा अडकलेला दरवाजा सोडवताना असते तसे होते.

नंतर थोरल्याने ते गाइड घेतले आणि मधोमध फाडायला लागला. हातांनी फाटेना म्हणून त्याने अर्धे पायाखाली धरले आणि अर्धे ओढले. तागाचा मेण लावलेला दोरा त्याच्या बोटांत रुतला आणि दोन बोटे कापली गेली. पुठ्ठा निघाला, पण शिलाई उसवली नाही. त्याने पुन्हा पुन्हा ओढले. मला त्या वेळी काय वाटले हे कुणी विचारलेले नाही.

मग तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मावशी, पाणी दे." धाकटा जमिनीवर होता. मी आधी थोरल्याला पाणी दिले. हे जबाबात हवेच का, असे अंमलदार म्हणाले. हवे.

रुग्णवाहिका मी बोलावली. ती येईपर्यंत थोरल्याने हातोडी धुऊन खिळ्याला टांगली. तो म्हणाला, "प्रेसचं हँडल सुटून लागलं. असंच झालं ना, मावशी?" रुग्णालयात त्याने तेच सांगितले. बुधवारी शुद्धीवर आल्यावर धाकट्यानेही डॉक्टरांना तेच सांगितले, आणि त्यावरून या ठाण्यात यंत्राच्या अपघाताची नोंद झाली. ती नोंद खोटी आहे. पुस्तके दाबायच्या त्या प्रेसचे हँडल दहा वर्षांपूर्वी गंजून बसले, ते हलतसुद्धा नाही. पंचनाम्याला आलात की दिसेल.

धाकट्याच्या मनगटाची दोन हाडे मोडली आहेत. तीन बरगड्या मोडल्या आहेत. डाव्या कानाने त्याला यापुढे ऐकू येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. आज सकाळी मी त्याच्या डाव्या बाजूला बसून बराच वेळ बोलत होते. मग तो म्हणाला, "मावशी, इकडून ये." मी उजवीकडे गेले. तो म्हणाला, "तूही अपघातच सांग. आत टाकतील त्याला. आईने शेवटी काय सांगितलं होतं?" बहिणीने शेवटी मला सांगितले होते, "दोघांना सांभाळ." मी एकालाच सांभाळले आणि दुसऱ्याला त्याच्या हाती दिले.  मी त्याचे केस विंचरले, जिथे टाके नाहीत तिथले.

थोरल्यानेच मला आज दुपारी अडीच वाजता स्कूटरवर बसवून ठाण्यात आणले. अपघाताच्या कागदावर सही करायला मी आले आहे, असे तो समजतो. वाटेत खड्डा आला की तो म्हणत होता, "मावशी, नीट धर." तो आत्ता बाहेर बाकावर बसला आहे. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या आहेत, ती दोऱ्याने कापलेली आहेत, ती तपासावीत.

पुस्तके मी कापली. धाकट्याने माझा गुन्हा अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. कापण्याला कायद्यात शिक्षा नाही, असे अंमलदार म्हणाले. तरी ते लिहून ठेवावे. थोरल्याला आजपर्यंत ते माहीत नाही.

माझी विनंती अशी की, हातोडी, दात व फाटलेला पुठ्ठा पुराव्यात घ्यावा. त्या गाइडची शिवलेली पाने न्यायालयाचे काम झाल्यावर थोरल्याला परत द्यावीत, ती त्याची आहेत. दुकानाच्या किल्ल्या मी सोबत आणल्या आहेत, त्या धाकट्याच्या उजव्या हातात द्याव्यात. या जबाबाची एक नक्कल थोरल्याच्या बायकोला तिच्या माहेरी पोचवावी. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. बरोबर चिठ्ठी नको. ती वाचेल आणि तिला कळेल की मी किती उशीर केला.

हा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला. अंमलदारांनी तो मोठ्याने वाचायला घेतला तेव्हा त्यांनी बाकाकडचे दार लावले. मी ते उघडायला सांगितले. दार उघडे असताना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला गेला, मी तो ऐकला, आणि जसे घडले तसाच तो आहे. खाली माझी सही.

वाचून झाल्यावर एक वाढवते. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात दम्याचा पंप आहे. तो थोरल्याचा आहे. त्याला कोठडीत नेण्याआधी द्यावा. रात्री तीनच्या सुमारास लागतो. तो मागणार नाही, त्याच्याजवळ ठेवून यावा.