तीननंतर एक

सुमेधाबाई : ...नाही नाही, हुशार आहे हो पोरगी. फक्त उलटं मोजताना एका जागी अडकते.

मालोजी : बाई, जरा मोठ्यांदा बोला. माझ्या कानांचा भरवसा न्हाई.

सुमेधाबाई : रुक्मी उलटे आकडे चुकतेय!

मालोजी : एवढं बी मोठ्यांदा नको. पोरं बघाया लागली.

सुमेधाबाई : बरं. तुम्ही तिचे काका ना?

मालोजी : सख्खा न्हाई. तिचा बाप ज्योतीराम, रहाटणीत आमच्याच घरात भाड्यानं ऱ्हातो. बायको बाळंतपणाला लातूरकडं गेलीया, अन् ह्याची नाइट शिफ्ट. दिवसा झोपतो. म्हणून पोरीची बालवाडीची ने-आण माझ्याकडं.

सुमेधाबाई : मग तुम्हीच बघा. रुक्मी, ये गं. हे दहा चिंचोके. दोन-दोन उचल आणि किती उरले ते सांग.

रुक्मी : दहा. आठ. सहा. चार. दोन. संपले.

सुमेधाबाई : शाब्बास. आता परत मांड आणि एक-एक उचल.

रुक्मी : दहा, नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, एक.

सुमेधाबाई : बघितलंत?

मालोजी : अगं रुक्मे, डोळं कुठं ठिवलंस? खाली किती ऱ्हायलेत?

रुक्मी : दोन.

मालोजी : मग?

रुक्मी : मोजले तर दोन आहेत. पण उलटं म्हणताना तीननंतर एक असतं.

सुमेधाबाई : महिना झाला, हेच उत्तर. आधी मला वाटलं, मीच दोन-दोनच्या उड्या शिकवल्या, त्याचा गोंधळ झाला. पण बाकी कुठेच चुकत नाही ती. तेरानंतर बारा म्हणते, अकरा म्हणते. नेमकी इथे आली की दोन गाळते. रागावले तरी ऐकत नाही.

मालोजी : कुणी शिकवलं गं तुला असलं?

रुक्मी : बाबांनी.

सुमेधाबाई : अस्सं! बाबा अभ्यास घेतात होय?

रुक्मी : घेत नाहीत. झोपेत म्हणतात. तीन... एक. मग पाय आपटतात. मग रडतात थोडं. मग परत तीन, एक.

सुमेधाबाई : घ्या! झोपेत कुणी आकडे म्हणतं का? मालोजीराव? ...अहो, ऐकू आलं का?

मालोजी : आलं.

सुमेधाबाई : बसा, बसा. घाम फुटलाय तुम्हाला. रुक्मी, माठातलं पाणी आण काकांना.

मालोजी : थांब रुक्मे. पाय कुठला आपटतो तुझा बाप?

रुक्मी : हा. उजवा. खाट हलते सगळी.

मालोजी : जा, आण पाणी.

सुमेधाबाई : काय झालं?

मालोजी : बाई, ह्यो माझा हात. रोज पोरीला घेऊन येतो, तुमी कधी इचारलं न्हाई. बरं केलंत.

सुमेधाबाई : कंपनीत गेली ना बोटं? सांगितलं होतं कुणीतरी.

मालोजी : प्रेसखाली. तीन बोटं. आता गेटवर बसतो, वॉचमन. शिट्टी वाजवायला दोन पुरत्यात. पन गेलेली अजून खाजतात बघा. खाजवायला जावं, तर तिथं कायच न्हाई.

सुमेधाबाई : अरेरे.

मालोजी : त्या प्रेसवर दोन माणसं लागायची. मी दोनी हातांनी पत्रा आत धरायचा. ज्योतीराम पायडलवर. ह्यानं मोजायचं, तीन, दोन, एक. दोन म्हणला की माझं हात भाईर. एक म्हणला की त्याचा पाय खाली. दिवसाला हजारदा. त्या दिवशी मला दोन ऐकू आलं न्हाई.

सुमेधाबाई : म्हणजे...

मालोजी : साहेबानं चौकशी केली. मीच म्हणलो, साहेब, माझंच कान दगा देत्यात. ज्योतीराम माझ्या शेजारीच उभा व्हता.

सुमेधाबाई : आणि तो काय म्हणाला?

मालोजी : रडला. मला वाटलं, माझ्यासाठी रडतोय.

रुक्मी : काका, पाणी.

मालोजी : दे. बाई, हिला रागवू नगा. हिनं ऐकलं तेच म्हणली पोरगी.

(रहाटणी. त्याच दुपारी ज्योतीरामच्या खोलीत.)

मालोजी : ज्योत्या. ऊठ.

ज्योतीराम : आं? भोंगा झाला का?

मालोजी : चार वाजलेत.

ज्योतीराम : मग कशाला उठवलास राव? रुक्मी कुठंय?

मालोजी : आमच्याकडं भाकरी खातीय. काय सपान पडत व्हतं?

ज्योतीराम : कुठलं सपान? मढ्यासारखा झोपलो होतो.

मालोजी : मी दारात उभा व्हतो, मघापासनं. दोनदा म्हणलास.

ज्योतीराम : काय म्हणलो?

मालोजी : तूच सांग.

ज्योतीराम : झोपेत माणूस काहीबी बडबडतंय.

मालोजी : तुझी पोरगी बालवाडीत तसंच मोजती. बाई वैतागल्यात. तीननंतर एक.

ज्योतीराम : मालोजी...

मालोजी : पुण्याला कान तपासाया माझ्यासंगं तूच आलतास. डाक्टरनं कानाला घड्याळ लावलं, म्हणला कान चांगलेत. भाईर आल्यावर तू काय म्हणलास?

ज्योतीराम : जाऊ दे ना.

मालोजी : म्हणलास, डाक्टरला काय कळतंय, प्रेसच्या आवाजानं कान गेलेत तुझं. चार वर्सं झाली. रस्ता वलांडताना मी माणसाचा हात धरतो. बायकोनं हाक मारली तर दोनदा इचारतो, खरंच मारलीस का. पोरं हसत्यात मला. कान धड असून भैरा झालो मी, ज्योत्या.

ज्योतीराम : सांगणार होतो तुला.

मालोजी : कवा?

ज्योतीराम : रोज. रोज रातच्याला कामावर येताना गेटवर तू शिट्टी घेऊन उभा दिसतोस. आज सांगू म्हणतो. तू म्हणतोस, जा, पोरीचं मी बघतो. मग मी तसाच आत जातो.

मालोजी : का गाळलास?

ज्योतीराम : काय म्हणायलास?

मालोजी : दोन. का गाळलास?

ज्योतीराम : काय बी कारण न्हाई रे. मोठं कारण असतं तर कवाच सांगितलं असतं. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा व्हायला आला होता. डब्यात वांगं होतं. भूक लागली होती. तीन म्हणलो, अन् तोंडातून एकदम एक निघालं. पाय आपोआप पडला.

मालोजी : वांगं.

ज्योतीराम : व्हय. चार वर्षं वांग्याला शिवलो न्हाई मी. वहिनी दर वेळी वाटीत देतात, मी कुत्र्याला घालतो.

मालोजी : अन् बोटं माझी गेली.

ज्योतीराम : मार मला. चल, ऑफिसात लिहून देतो आत्ताच्या आत्ता.

मालोजी : कुणाला देतोस? तो साहेब गेला, ती प्रेस भंगारात गेली.

ज्योतीराम : मग काय करू, ते सांग. खोली खाली करू? पोरीला घेऊन गावाकडं जातो.

मालोजी : गप. उठून बस. पाय वर घे, खाटेवर. जमिनीला लावू नगंस.

ज्योतीराम : काय करायलास?

मालोजी : मोज. दहापासनं.

ज्योतीराम : नको रे, पाया पडतो.

मालोजी : मोज. मला ऐकू येतंय.

ज्योतीराम : दहा. नऊ. आठ. सात. सहा. पाच... मालोजी, पोरगी येईल.

मालोजी : फुडं.

ज्योतीराम : चार. तीन.

मालोजी : म्हण की.

ज्योतीराम : हात का धरलास तसा? खाली घे तो हात.

मालोजी : मी पत्रा धरलाय, ज्योत्या. म्हण.

ज्योतीराम : ...दोन.

मालोजी : थांब. एक म्हणू नगंस.

ज्योतीराम : न्हाई म्हणत.

मालोजी : हां. एवढा येळ पुरला असता मला.