भरल्या पोटाची मावशी

मंडळी, चित्त इकडे असू द्या. आख्यानाला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, थोडं घोळू द्या. माणूस उपाशी आहे असं केव्हा म्हणायचं? ताटात काही नसतं तेव्हा? हे उत्तर सोपं आहे, आणि मला ते अपुरं वाटतं. ताट भरलेलं, पोट भरलेलं, वर ढेकरही दिलेला – आणि तरी जीव उपाशी. असं होऊ शकतं का? आमचे पेटीवाले मान हलवतायत, नाही म्हणून. त्यांचं आत्ताच जेवण झालंय. बाकीच्यांनी ऐका.

लांज्याजवळच्या एका वाडीत जनार्दन मुळ्ये नावाचे गृहस्थ राहत. शाळेत कारकून होते, निवृत्त झाले. पण त्यांची खरी ओळख ती नव्हे. जनुभाऊ म्हणजे पंगतीचे वाढपी. मुंज असो, लग्न असो, देवळातला उत्सव असो. धोतराचा सोगा खोचून, हातात जिलब्यांचं ताट घेऊन जनुभाऊ पंगतीत उतरले, की जेवणारा सावरून बसायचा. आपल्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला की वाढप्याला 'आणखी दोन' ऐकू येतं. जनुभाऊंना 'आणखी चार' ऐकू यायचं! पानावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून वाढायचे. हसता काय? तुमच्यातल्या दोघांनी आज दुपारी माझ्यावर हाच प्रयोग केलाय.

पण यामागे त्यांची श्रद्धा होती, हे विसरू नका. आपल्या हातून वाढलेलं कुणीतरी पोटभर जेवलं, की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो. एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

पुढे पत्नी गेली. कमलताई. घरात दोन ताटांचं एक ताट झालं. एकुलती एक मुलगी वृंदा, जनावरांची डॉक्टर. ती कुठे? तर मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा चिमुकला देश आहे, तिथल्या जंगलाच्या कडेला. जखमी प्राण्यांना बरं करून परत सोडायचं, असं ते केंद्र. ती म्हणाली, "बाबा, एकटे राहू नका. सहा महिने तरी माझ्याकडे या."

गेले. आता ऐका, एकटेपण किती प्रकारचं असतं ते. गावी घर रिकामं होतं, पण रस्त्यावर 'काय जनुभाऊ' म्हणणारं कुणी ना कुणी होतं. इथे घरात मुलगी होती, पण ती पहाटे जायची आणि दिवस मावळल्यावर यायची. तिथली भाषा स्पॅनिश. जनुभाऊंना त्यातलं 'ग्रासियास' तेवढं येई, म्हणजे आभारी आहे. दिवसभर आभार तरी कुणाचे मानायचे?

मुलगी कर्तव्याला चुकली का? मुळीच नाही. रविवारी बसून आठवड्याचा स्वयंपाक करायची. सात डबे फ्रीजमध्ये, प्रत्येकाच्या झाकणावर वार लिहिलेला. बाबा बारा वाजता डबा काढायचे, गरम करायचे, भिंतीकडे तोंड करून जेवायचे. रात्री वृंदा विचारायची, "जेवलात ना?"

"पोटभर," बाबा म्हणायचे.

दुसरा प्रश्न विचारायला ती जागी कुठे असायची?

असे दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात केंद्राचा एक सेवक आजारी पडला, आणि वृंदा म्हणाली, "बाबा, एका पेशंटची पानं बदलायचं काम कराल का? त्रास काहीच नाही. ती हलतसुद्धा नाही."

पेशंट कोण? ऐका. त्या देशात स्लॉथ नावाचं जनावर आहे. मांजराहून थोडं थोराड, हातपाय लांब, पंज्यांना तीन तीन वाकड्या नख्या. झाडाला उलटं लटकून सगळा जन्म काढतं. तिथल्या भाषेत त्याला सरळ 'आळशी' असंच नाव आहे. देवानं केसांत शेवाळ उगवू दिलंय, शेवाळात पतंग राहतात. अंगावर एक लहानसं गाव घेऊन हिंडतं म्हणा ना. हिंडतं म्हणजे काय, मी हे कीर्तन संपवीन तोवर ते या खांबावरून त्या खांबावर पोचेल. आणि पोटाची तऱ्हा पाहा. एक पान खाल्लं तर ते पचायला पंधरा दिवस, कधी महिना. आठवड्यातून एकदा ते झाडावरून खाली उतरतं, शेपटीच्या बोंडानं मातीत खळगा करतं, शौचाला बसतं, की पुन्हा वर.

पण सगळ्यांत विलक्षण काय असेल, तर त्याचा चेहरा. त्याच्या ओठांची ठेवणच हसरी. सुखात असलं तरी हसरं, मरणाच्या दारात असलं तरी हसरं. बघणाऱ्याला वाटतं, मजेत चाललंय. तुमच्या ओळखीत आहे का असं कुणी? असू दे. पुढे चला.

ही मादी विजेच्या तारेला चिकटून एका हाताला भाजली होती. जाळीच्या खोलीत उभ्या बांबूला मिठी मारून बसलेली. जनुभाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "वृंदे, ही तर आपली दुर्गामावशी. तीही अशीच कोपऱ्यात बसायची, कुणाच्या अध्यात नाही."

तेव्हापासून तिचं नाव मावशी.

वृंदानं बजावून सांगितलं, "बाबा, फांद्या फक्त टांगून यायच्या. तिला हवं तेवढं ती खाईल. आग्रह करायचा नाही."

कुणाला सांगितलं? जनुभाऊंना!

आठ दिवसांत काय झालं, सांगतो. थंडीचं वारं सुटलं, पावसाची झड लागली, ऊन दिसेना. मावशीचं खाणं मंदावलं. पानं तशीच सुकू लागली. जनुभाऊंच्या जिवाला लागलं. कोवळे शेंडे खुडून ते तिच्या ओठांशी धरू लागले. "हे एवढंच, मावशी. तुझ्यासाठी निवडून आणलंय." आणि मावशी सावकाश तोंड उघडायची. तिला नाही म्हणता येत नव्हतं, की हात झटकण्याइतकी ताकद नव्हती, कोण जाणे. जनुभाऊंना वाटलं, पाहुणा जेवतोय. कित्येक महिन्यांनी आपल्या हातून कुणी जेवतंय.

काट्यावर तोलली, तर वजन वाढलेलं. शंभर ग्रॅम, मग आणखी. जनुभाऊ तो आकडा पाटीवर लिहायचे आणि त्या दिवशी त्यांना झोप चांगली लागायची. वृंदा जाता जाता पाटी पाहायची, "वा बाबा," म्हणायची आणि पुढच्या जनावराकडे धावायची. झाडं पडत होती, घरटी कोसळत होती, रोज चार नवे जखमी. पाटीवरचा आकडा चांगला असताना आत कोण डोकावतो?

मग वादळ झालं, विजेच्या तारा तुटल्या. बाबांनी काम घेतल्याच्या तेराव्या दिवशी सकाळी वृंदा मावशीची जखम पाहायला आत गेली. हात पाठीवर ठेवला आणि तिथेच थबकली. खांद्याची हाडं वर आलेली. पोट मात्र नगाऱ्यासारखं टणक.

"बाबा, ही खाली उतरून किती दिवस झाले?"

"उतरली नाही. मला वाटलं, बरंच आहे, घाण कमी."

"तेरा दिवस?"

"वजन तर वाढतंय ना गो?"

"वजन तिचं नाही, बाबा. आत साठलेल्या पानांचं आहे." वृंदाचा आवाज बारीक झाला. "ती उपाशी आहे. पोट भरलेलं आहे, आणि ती उपाशी मरतेय."

श्रोतेहो, जनुभाऊंच्या हातातली फांदी हातातच राहिली. जन्मभर ज्यांनी एकाही माणसाला पानावरून अर्धपोटी उठू दिलं नाही, त्यांच्या हातून हे झालं. त्यांनी एवढंच विचारलं, "मी मारली का तिला?"

वृंदा रागावू शकली असती. ती खाली बसली. "पाटी मीही बघत होते, बाबा. हात आज लावला." मग तिनं समजावून सांगितलं. स्लॉथला आपल्यासारखी अंगाची ऊब नसते. ती बाहेरून, उन्हातून घ्यावी लागते. पोटातले सूक्ष्म जीव पान आंबवतात आणि त्यातून अन्न होतं. अंग गार पडलं की ते जीव काम थांबवतात. मग कितीही खा, पान पानच राहतं.

जनुभाऊ हळूच म्हणाले, "म्हणजे दूध आहे, पण थंडीत विरजण लागत नाहीये."

"हो बाबा. तसंच."

"मग ऊब द्यायला हवी."

"वीज नाही. जनरेटरवर पिल्लांना ऊब देणारी पेटी कशीबशी चालते. गरम पाण्याच्या पिशव्या तासाभरात गार होतात." ती थांबली. "एरवी आम्ही जनावराला माणसाची सवय लागू देत नाही. आज इलाज नाही. कुणीतरी तिला छातीशी धरून बसायला हवं. आणि माझ्याजवळ माणूस नाही."

"मी कोण आहे?" जनुभाऊ म्हणाले.

व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. अंगात स्वेटर, वर घोंगडी, आणि आत मावशी. तिनं तीन नख्यांचा हात सावकाश उचलला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. भरल्या माठाइतकी गार. सकाळी सातला बसायचे, संध्याकाळी सहाला, दिवसाचं काम आटोपलेल्या कुणा सेवकाच्या हाती सोपवायचे. भरवायचं नाही. काही द्यायचं नाही, काही करायचं नाही. वाढप्याला याहून अवघड काम कोणतं सांगा? नुसतं बसून राहायचं.

पहिला दिवस गप्प गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं. मावशीला सांगू लागले – कमल कशी होती, मिरचीच्या फोडणीला कशी खोकायची, शेवटच्या दुखण्यात हिनं दोन घास खावेत म्हणून मी चमचा घेऊन कसा मागे लागायचो. "ती म्हणायची, अहो, चमचा ठेवा आणि बसा जरा. मी म्हणायचो, आधी खा, मग बसतो." एवढं बोलून ते थांबले. घोंगडीत मावशीचा श्वास तेवढा लागत होता.

पेटी राहू दे जरा, सूर नको इथे.

वृंदा दर तासाला तापमान पाहायला यायची. अठ्ठावीस. अठ्ठावीस. साडेएकोणतीस. तिसऱ्या दिवशी तिनं घोंगडीत हात घातला, तर तो मावशीच्या पाठीवरून सरकून बाबांच्या गळ्याजवळच्या हाडावर गेला. हात तिथेच राहिला. डॉक्टरचा हात तो. त्याला वाचता येतं.

"बाबा, तुम्ही जेवता ना?"

"पोटभर," जनुभाऊ म्हणाले. आणि हसले.

तिनं त्या हसण्याकडे पाहिलं. थर्मामीटर खिशात ठेवलं, शेजारी जमिनीवर बसली, भिंतीला टेकली. पलीकडे कुणीतरी तिला हाका मारत होतं. "येते," म्हणाली, पण अर्धा तास उठली नाही. त्यांच्या घोंगडीचं टोक ओढून तिनं आपल्या पायांवर घेतलं.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. पाचव्या दिवशी मावशीला बांबूवर ठेवली. दोघं बापलेक जाळीबाहेर उभे. दुपारी मावशी हलली. एक हात खाली, मग एक पाय. वीतभर उतरायला दहा मिनिटं. जमिनीवर आली, बोंड मातीत फिरवलं, बसली. आणि मंडळी, परदेशात शिकलेली, जिच्या सहीनं औषधं निघतात ती डॉक्टरीण जनावराची विष्ठा पाहून बापाच्या गळ्यात पडून रडली. हसा, खुशाल हसा. असे आनंद नशिबात असावे लागतात.

मावशी बरी झाली. दोन महिन्यांनी तिला जंगलात सोडली. झाडावर चढली ती शेंड्यापर्यंत गेली; एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बरं झालं, जनुभाऊ म्हणाले, सवय लागली नाही.

आणि वृंदा? मी खोटं सांगणार नाही. तिची नोकरी तीच राहिली, जखमी जनावरं तेवढीच येत राहिली. रविवारी डबे भरायची, झाकणांवर वार लिहायची. फक्त बारा वाजता बाबा डबा घेऊन दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसू लागले. कधी वीस मिनिटं मिळायची, कधी पाच. कधी ती उभ्या उभ्या खायची आणि एक शब्द बोलायची नाही. चालेल म्हणाले. मुदत संपली तसे गावी परत आले. आज त्या घरात एकटेच असतात. शेजारी भले आहेत. दोन्ही वेळचा डबा ओट्यावर येतो.

ओट्यावर येतो, श्रोतेहो. आणणारा आतमध्ये येत नाही. त्याला घाई असते.

आता आपल्याकडे वळू. आपण रोज देवाला नैवेद्य दाखवतो. ताट ठेवतो, पाणी फिरवतो आणि पडदा ओढून बाहेर येतो. देवाचं ठीक आहे, तो काही म्हणत नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण हेच करू लागलो की काय? ताट नेऊन ठेवलं, दार लोटलं, आणि उंबऱ्यापलीकडून विचारलं, जेवलात ना? पोटभर, असं आतून उत्तर आलं. चेहराही हसरा. आपलं समाधान झालं. हात कुणी लावला? काट्यावरचा आकडा सगळे वाचतात. हात लावून पाहणारा एखादाच.

दान द्या, डबे द्या, पैसे पाठवा. मी कशालाच नको म्हणत नाही. पण नुसतं देऊन उठू नका. काही काळ तिथे बसा, हातात काही नसताना बसा. भगवंताला आपण सगळं देतो, बसायला वेळ तेवढा देत नाही. तो सोसतो, कारण तो देव आहे. माणसाला ते सोसवत नाही.

आरतीची तयारी झाली आहे, तबक माझ्यापुढे आलं आहे. वात पेटवू नका अजून. मघापासून पाहतोय, मागे नगारखान्याच्या कठड्याला टेकून एक आजोबा एकटे बसलेत, बायकांच्या बाजूला खांबाआड एक आजी आहेत. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, तुम्हाला ठाऊक आहेत. जवळ असेल त्यानं उठावं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसावं. काही विचारू नका, काही देऊ नका.

बसा. आरती मग करू. देव थांबेल.